नरक्याच्या पेशी टाकीत वाढवायच्या का?

नमस्कार. प्रश्न विचारणाऱ्यांची सांगलीकडे केळीच्या रोपांची टिश्यू कल्चर लॅब आहे आणि मूळ गाव आंबोलीच्या बाजूला. लहानपणी गावाच्या वरच्या रानात नरक्याची झाडं होती, आता बुंधेसुद्धा दिसत नाहीत असं ते लिहितात. त्यांचा विचार असा आहे: निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह, गाळलेल्या हवेचं लॅमिनार फ्लो टेबल आणि हाताला वळण असलेल्या मुली, सगळं तयार आहे. मग नरक्याच्या पेशीच बायोरिअॅक्टरमध्ये वाढवून त्यातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचं मूळ द्रव्य काढलं तर जंगलही वाचेल आणि धंदाही होईल. त्यासाठी ५०० लिटरची टाकी घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणत्या प्रकारची?

वनस्पतींच्या पेशी द्रव माध्यमात वाढवण्याचं काम मी पंचवीस वर्षं करतो आहे, आणि त्यातली सहा वर्षं नरक्यावरच गेली. त्यामुळे तुमची तळमळ मला पुरती कळते. थेट सांगायचं तर टाकी आत्ता घेऊ नका. तुमची कल्पना चुकीची आहे असं मात्र नाही. जगात ही पद्धत काही औषधांसाठी उत्तम चालते. ती कुठे चालते, कुठे अडते आणि नरक्या त्यात कुठे बसतो, हे नीट पाहू.

आधी एक गोष्ट वेगळी करू या. तुम्ही केळीचा कोंब घेता, त्यातून कोंब फोडता, त्याला मुळं आणता आणि रोप देता. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वनस्पती ‘वनस्पती’च राहते. बायोरिअॅक्टरमध्ये तसं नसतं. पानाचा किंवा खोडाचा तुकडा २,४-डी किंवा एनएए ही वाढसंप्रेरकं घातलेल्या माध्यमावर ठेवला की कापलेल्या कडेवर गाठ धरते. तो कॅलस. त्याला पान, मूळ, साल काही नसतं, नुसत्या फुगत जाणाऱ्या पेशी असतात. तोच कॅलस भुसभुशीत झाला की द्रव माध्यमात सोडून शेकरवर हलवत ठेवायचा आणि तिथून टाकीत न्यायचा. म्हणजे टाकीत जे वाढतं ते झाड नव्हे, आपण कोण होतो हे विसरलेल्या पेशी. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. टाकी कोणती हा प्रश्न नंतरचा. ही विसरलेली पेशी औषध बनवायचं विसरली आहे की नाही, हे आधी बघायचं.

जिथे ती विसरत नाही तिथलं उदाहरण आधी देतो, कारण त्याचा धागा आपल्याकडेही येतो. कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल ही दोन्ही कर्करोगविरोधी द्रव्यं शोधणाऱ्यांत एक डॉ. मनसुख वाणी होते, जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिनची रचना मांडली आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉलची. टॅक्सॉल म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल. १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि लगेच भीती उभी राहिली की एवढी साल आणायची कुठून? एक किलो औषधाला सुमारे तीन हजार झाडं लागतात असा त्या काळचा हिशेब होता. साल सोलली की झाड मरतं, आणि हे झाड फार हळू वाढणारं. आधी युरोपीय यूच्या पाल्यातून निघणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्यावर प्रक्रिया करून औषध बनवण्याचा मार्ग निघाला. पाला दरवर्षी पुन्हा येतो, झाड जगतं. त्यानंतर ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीने पेशी-संवर्धनाची वाट धरली. जर्मनीत आरेन्सबुर्गला फायटन कंपनीच्या ७५ हजार लिटरपर्यंतच्या टाक्यांत यूच्या पेशी वाढू लागल्या. २००४ मध्ये त्या कामाला अमेरिकेचं हरित रसायनशास्त्राचं राष्ट्राध्यक्षीय पारितोषिक मिळालं.

हे जमलं याचं मुख्य कारण म्हणजे यूची पेशी कॅलस झाली तरी टॅक्सॉल बनवत राहते, आणि मिथाइल जास्मोनेट दिलं की कितीतरी जास्त बनवते. किडीने चावा घेतल्यावर झाड स्वतःच्या अंगात जो इशारा फिरवतं, त्याच जातीचं हे द्रव्य आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात यूच्या पेशींनी दोन आठवड्यांत लिटरमागे सुमारे ११० मिलिग्रॅम टॅक्सॉल दिलं.

त्याही आधीचं उदाहरण जपानचंच. शिकोनिन नावाचा लाल रंग, जखमेवरही वापरतात. तो ज्या मुळांतून मिळे ती झाडं जपानी रानातून जवळजवळ संपली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मित्सुई कंपनीने त्या झाडाच्या पेशी ७५० लिटरच्या टाकीत वाढवून तो रंग बाजारात आणला. वनस्पतीपेशींतून आलेलं ते पहिलं व्यापारी उत्पादन मानतात, आणि त्यातून लिपस्टिकही निघाली. या उदाहरणाची एक बाजू मी नव्या मुलांना नेहमी सांगतो: शिकोनिन लाल आहे. शंभर कॅलस समोर ठेवले की सगळ्यात लाल कोणता हे डोळ्यांना दिसतं, तेवढाच निवडायचा, पुन्हा वाढवायचा, पुन्हा निवडायचा. कॅम्प्टोथेसिन असं दिसत नाही. प्रत्येक कॅलसचा तुकडा वाळवून, अर्क काढून एचपीएलसी या रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर लावावा लागतो. निवडीचं कामच शंभरपट महाग होतं.

आता नरक्या. १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी या आपल्या सह्याद्रीतल्या झाडात कॅम्प्टोथेसिन दाखवलं, तेही चिनी झाडापेक्षा जास्त. पुढे १९९६ मध्ये त्यापासून बनणाऱ्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली, मागणी वाढली आणि आपल्या घाटातली झाडं मुळासकट निघायला लागली. तुमच्या गावच्या रानात जे झालं ते असं झालं.

पेशींच्या बाबतीत मात्र नरक्या यूसारखा वागत नाही. तुम्ही धंदा करता, म्हणून हिशेबच मांडतो. ५०० लिटरच्या टाकीत प्रत्यक्ष माध्यम भरता येतं ३५० लिटर, कारण वर फेसाला जागा लागते. लिटरला ३० ग्रॅम साखर, म्हणजे साडेदहा किलो साखर. वीस दिवसांनी चांगलं पीक आलं तर लिटरला १५ ग्रॅम कोरड्या पेशी, एकूण सव्वापाच किलो. ओल्या धरल्या तर ऐंशी-नव्वद किलो. नरक्याच्या पेशींत कॅम्प्टोथेसिन मी उदार हाताने ०.०१ टक्के धरतो. एवढं सातत्याने मिळालं तर मी पेढे वाटेन. हिशेब येतो अर्धा ग्रॅम.

अर्धा ग्रॅम कॅम्प्टोथेसिन नरक्याच्या लाकडातून काढायचं तर? लाकडात ०.३ टक्के धरलं तर पावणेदोनशे ग्रॅम कोरडं लाकूड पुरतं. मनगटाएवढ्या फांदीचा वीतभर तुकडा.

त्याच टाकीत यूच्या पेशी असत्या आणि जपानी प्रयोगाएवढं उत्पादन टाकीतही टिकलं असतं, तर एका बॅचला ३८ ग्रॅम टॅक्सॉल आलं असतं, म्हणजे शंभराच्या वर झाडांच्या सालीतलं. टाकी तीच, साखर तितकीच, वीजही जवळपास तितकीच. एकीकडे शंभर झाडं वाचतात, दुसरीकडे एक फांदी. म्हणून मी म्हणतो की टाकीच्या आधी पेशीकडे बघा.

नरक्याची पेशी का विसरते? कॅम्प्टोथेसिन एका पायरीत बनत नाही. वेगवेगळी एन्झाइम्स रांगेत लागतात, आणि त्यांतली काही मूळ, खोड असं रीतसर घडलेल्या अवयवातच जोमाने चालू होतात. कॅलसमध्ये तो अवयवच नसतो. सदाफुलीतही हीच अडचण आहे. तिच्यातल्या व्हिनब्लास्टिनचा एक भाग पानातल्या विशिष्ट पेशींमध्येच तयार होतो, म्हणून कितीतरी प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं खपूनही सदाफुलीच्या पेशींची टाकी व्यापारी झाली नाही.

दुसरं कारण मी स्वतः भोगलेलं आहे. आमच्याकडे एका कॅलसपासून वाढवत ठेवलेली नरक्याच्या पेशींची एक लाइन होती, तिला आम्ही एन-७ म्हणायचो. सुरुवातीला ती दिसायला वाईट होती: तपकिरी, चिकट, फ्लास्कच्या तळाशी गुठळ्या करणारी. पण एचपीएलसीच्या आलेखावर कॅम्प्टोथेसिनचं शिखर स्वच्छ यायचं. दर चौदा दिवसांनी सबकल्चर, म्हणजे थोड्या पेशी नव्या माध्यमात हलवणं, दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा. हळूहळू ती सुधारत गेली. फिकट पिवळी, शिजवलेल्या भगरीसारखी मोकळी झाली, वाढ दीडपट झाली. आम्ही खूश होतो. दहाव्या-अकराव्या महिन्यात नमुने लावले तर ते शिखर बेसलाइनमध्ये विरून गेलेलं. पेशी जोमात होत्या आणि औषध संपलं होतं. मागे वळून पाहिलं तर कारण साधं होतं. औषध बनवणाऱ्या पेशीची शक्ती त्यात खर्च होते आणि न बनवणारी पेशी वेगाने वाढते. प्रत्येक सबकल्चरला आम्ही मोकळा, सुंदर, भरभर वाढलेला भाग उचलत होतो, म्हणजे नकळत आळशी पेशींचीच निवड करत होतो. तेव्हापासून कुठलीही लाइन आली की पहिल्या महिन्यातच ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायची आणि दर तिसऱ्या सबकल्चरला रसायन मोजायचं, हा आमचा नियम आहे. तुम्ही पुढे कधी या कामात उतरलात तर एवढं नक्की करा.

टाकीबद्दलही थोडं सांगतो, कारण तुम्ही विचारलं आहे आणि केळीच्या लॅबचा अनुभव इथे थोडा फसवतो. तुमच्याकडे शंभरातल्या तीन बाटल्या बुरशीने गेल्या तर त्या बाजूला काढता, बाकी सत्त्याण्णव चालतात. टाकीत एक जिवाणू शिरला की सगळंच जातं. जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो, वनस्पतीपेशीला दोन ते पाच दिवस लागतात, आणि माध्यम साखरेचं. आमची ६० लिटरची एक बॅच सोळाव्या दिवशी गेली. निरोगी कल्चरला ओल्या गवताचा, काकडीच्या सालीसारखा वास येतो. त्या सकाळी नमुना घेताना आंबूस, शिळ्या ताकासारखा वास आला आणि पीएच रात्रीतून घसरला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या मधल्या जागेत बारीक वळवळ दिसत होती. नमुना घ्यायच्या नळीवरची एक रबरी रिंग कडक होऊन चिरली होती, इतकंच कारण. ती रिंग काही रुपयांची, बॅचमागे अडीच महिन्यांचं काम.

अडीच महिने का, तेही सांगतो. वनस्पतीपेशी फार विरळ टाकल्या तर वाढतच नाहीत. त्यांना एकमेकींची सोबत लागते. त्यामुळे एका भांड्यातून पुढच्या भांड्यात जाताना आकार फार तर पाच-दहा पटींनी वाढवता येतो. पाव लिटरच्या फ्लास्कमधून एक लिटर, मग पाच, मग तीस, मग शंभर, मग पाचशे. प्रत्येक पायरीला दहा-चौदा दिवस, आणि प्रत्येक पायरीला आत काही शिरण्याची एक संधी. रानातून आणलेल्या झाडात तर आतच राहणारे सूक्ष्मजीव असतात. पृष्ठभाग कितीही धुतला तरी ते आत टिकतात आणि कधीकधी चार महिन्यांनी डोकं वर काढतात. (जम्मूच्या संशोधकांनी २००५ मध्ये नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतच कॅम्प्टोथेसिन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पण अशा बुरशीही झाडाबाहेर काढून पुन्हापुन्हा वाढवल्या की उत्पादन कमी करत जातात, म्हणून त्या वाटेवरही मी सध्या पैसे लावायला सांगणार नाही.)

टाकीचा प्रकार पेशीवर ठरतो. वनस्पतीपेशी जिवाणूच्या कित्येक पट मोठी, आत पाण्याची मोठी पोकळी आणि बाहेर ताठ भिंत, म्हणून जोराच्या पात्याने फुटते. हवेच्या बुडबुड्यांवर फिरणारी एअरलिफ्ट टाकी तिला मानवते. पण पेशी दाट झाल्या की खीर आटवल्यासारखं माध्यम घट्ट होतं, बुडबुडे वर येईनात की मग रुंद, संथ पातंच लागतं. फेसाबरोबर पेशी वर चढून भिंतीवर सायीसारख्या चिकटतात, तिथे वाळतात, मरतात. दुधाच्या किंवा जिवाणूंच्या टाक्या विकणारे पुरवठादार यातलं फारसं सांगत नाहीत, कारण त्यांना ते माहीत नसतं. कोरियात जिनसेंगची मुळं दहा हजार लिटरच्या आणि त्याहून मोठ्या टाक्यांत वाढवतात, पण तिथे सुट्या पेशी नसून आख्खी मुळं असतात, आणि विकायचंही शुद्ध रसायन नसून मूळच असतं. त्यामुळे गणित पूर्ण वेगळं होतं.

मुळांचा हा मुद्दा नरक्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मूळ हा घडलेला अवयव आहे, म्हणून ते औषध बनवायचं विसरत नाही. ओफिओरायझा नावाच्या छोट्या वनस्पतीतही कॅम्प्टोथेसिन असतं आणि तिच्या काही जाती आपल्या सह्याद्रीत वाढतात. जपानच्या चिबा विद्यापीठातल्या गटाने तिच्या एका जातीला मृदेतल्या एका जिवाणूकडून ‘केसाळ मुळं’ आणवली. ही मुळं वाढसंप्रेरकांशिवाय भराभर वाढतात आणि कॅम्प्टोथेसिन बनवून थोडं माध्यमातही सोडतात. मला विचाराल तर टाकीतल्या कॅम्प्टोथेसिनची आशा नरक्याच्या सुट्या पेशींपेक्षा या मुळांत जास्त आहे. पण मुळांचा गुंता टाकीत वाढवणं, त्यात हवा पोचवणं, शेवटी ती बाहेर काढणं, यातलं काहीच अजून स्वस्त झालेलं नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. तुमच्यामागे औषध कंपनीचा खरेदीचा करार असेल, पाच-सात वर्षं तोटा सोसण्याची ताकद असेल आणि हातात स्थिर, जास्त उत्पादन देणारी लाइन असेल, तर माझं उत्तर बदलेल. तुमचं उद्दिष्ट शुद्ध रसायन नसून सौंदर्यप्रसाधनासाठी पेशींचा अर्क असेल, तरीही बदलेल. स्वित्झर्लंडमधल्या एका कंपनीने २००८ मध्ये सफरचंदाच्या एका जुन्या जातीच्या पेशींचा अर्क अशाच तऱ्हेने बाजारात आणला. तिथे थोडी पेशी खूप उत्पादनाला पुरते. आणि अश्वगंधेचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. जे मूळ पाच-सहा महिन्यांत शेतात येतं आणि नीमच-मंदसौरच्या बाजारात पोत्यांनी मिळतं, त्याच्याशी टाकीने स्पर्धा करायची नसते. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन यीस्टमधून बनवायची सोय २०१३ च्या सुमारास सनोफीने उभी केली, तरी शेतातला माल स्वस्त पडल्यामुळे ती मागे पडली.

मग तुम्ही काय करावं? तुमच्याकडे जे आहे ते नरक्यासाठी टाकीपेक्षा जास्त मोलाचं आहे: रोपं बनवण्याचं कसब. नरक्यात झाडाझाडांत कॅम्प्टोथेसिन कितीतरी पटींनी बदलतं. चांगलं झाड शोधून त्याच्या कोंबांपासून हजारो एकसारखी रोपं बनवता आली, ती घाटमाथ्यावरच्या खाजगी जमिनीत, बांधावर, काजूच्या बागेच्या कडेला लावता आली आणि बुंधा राखून ठरावीक वर्षांनी फांद्या छाटल्या, तर वर ज्या पावणेदोनशे ग्रॅम लाकडाचा हिशेब केला ते झाड न मारता मिळतं. पाच-सात वर्षं लागतील. रानातल्या झाडावरचा बोजा त्यानेच कमी होईल असं मला मनापासून वाटतं. मी सहा वर्षं टाकीमागे घालवल्यावर या मताला आलो आहे.

बायोरिअॅक्टरची ओढ असेल तर ती तुमच्या केळीतच भागवा. टेम्पररी इमर्शन, म्हणजे कोंबांना दिवसातून काही वेळा चार-पाच मिनिटं माध्यमात बुडवून बाकी वेळ हवेत ठेवणारी भांडी, केळीसाठी चांगली चालतात आणि आगरचा खर्च वाचवतात. द्रव माध्यम, फिल्टर, पंप, संसर्ग या सगळ्याची सवय तुमच्या मुलींना तिथे होईल, आणि चूक झाली तर एक भांडं जाईल. पेशींवर हात चालवून बघायचाच असेल तर पाच लिटरची काचेची टाकी पुरे. त्यासाठी स्वतःचे पैसे घालण्याआधी बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या ‘बिग’ अनुदानाचा अर्ज करा. ५० लाखांपर्यंतची ती योजना नेमकी अशा कल्पना तपासून बघण्यासाठी आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. रानातून व्यापारी कामासाठी काहीही आणण्याआधी जैवविविधता कायद्याखाली काय लागतं ते नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे लेखी विचारा. वनखात्याची परवानगी ती वेगळीच. आणि कॅम्प्टोथेसिन पेशी मारणारं द्रव्य आहे, म्हणूनच ते औषध आहे. वाळलेल्या अर्काची पूड उडू देऊ नका. हातमोजे, मास्क, बंद हूड यांशिवाय कुणालाही ती हाताळू देऊ नका, आणि गर्भवती कामगार असेल तर तिला त्या खोलीपासून लांब ठेवा.

सुरुवात करायची तर झाडांपासून करा. रीतसर परवानगी घेऊन किंवा खाजगी रानातली, वेगवेगळ्या ठिकाणची पंचवीस-तीस झाडं निवडा. प्रत्येकाचं पान आणि बोटाएवढी फांदी वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घ्या, सावलीत वाळवा, पिशवीवर ठिकाण, उंची, तारीख आणि झाडाचा घेर लिहा. प्रयोगशाळेत देताना कॅम्प्टोथेसिनच्या रेणूतलं एक वलय बंद असलेलं आणि उघडलेलं, अशी दोन्ही रूपं वेगळी मोजून मागा. औषध म्हणून बंद वलयाचं रूपच उपयोगाचं असतं. अल्कधर्मी द्रावणात ते वलय उघडतं, आणि १९७० च्या दशकात उघड्या रूपाचा सोडियम क्षार रुग्णांना दिल्यावर मूत्राशयाला इजा झाल्याने त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या. ते आकडे हातात आले की इथे टाका, कोणत्या झाडाचे कोंब आधी घ्यायचे ते आपण मिळून ठरवू.